वेगळी तुकडी हवी म्हणे!

प्रश्न : बाई, मुलीच्या वर्गात आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून प्रवेश मिळालेली गरीब घरची मुलं आहेत. काही पालक त्यांची वेगळी तुकडी करा म्हणतायत. अमेरिकेतही असंच झालेलं ना?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : हो, झालेलं. १९५४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ब्राऊन खटल्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, पण पुढे बसने मुलं एकमेकांच्या वस्तीत न्यायची वेळ आली तेव्हा बरीच गोरी कुटुंबं उपनगरं गाठून मोकळी झाली आणि १९७४ ला डेट्रॉईटच्या केसमध्ये कोर्टच म्हणालं, उपनगरांचा दोष दाखवल्याशिवाय त्यांच्या शाळांना यात ओढता येणार नाही. झालं, वाटच बंद.

मी नौपाड्यातली. आमच्या वर्गात वागळे इस्टेटच्या कामगारांच्या मुलीही होत्या, त्या आपोआप मागच्या बाकावर, कुणी सांगितलं नव्हतं हं. एकीचा डबा म्हणजे पेपरात गुंडाळलेली भाकरी आणि लसणाची चटणी, पेपरला तेलाचा डाग. मी माझी गूळपोळी देऊन ती चटणी खायचे, घरी कळल्यावर आजीने डबाच दोनदा घासला. ते मला अजून टोचतं.

आपल्याकडे अशा मुलांसाठी खासगी शाळांत २५ टक्के जागा कायद्याने आहेत. २०२४ ला सरकारने बऱ्याच खासगी शाळांना सूट दिली होती, ती हायकोर्टाने रद्द केली. आणि वेगळी तुकडी तर आरटीईच्या नियमातच बसत नाही, तेव्हा मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर तेवढंच विचारा, आणि मुलीच्या डब्यात एक पोळी जास्त द्या.