समोर नसलेला संगणक दुरुस्त करायचा तर

प्रिय विद्यार्थिनी,

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू नातेवाइकांचे, मैत्रिणींचे बिघडलेले संगणक दुरुस्त करून देतेस. आता ग्राहकाच्या संगणकाला इंटरनेटवरून जोडून घेऊन मदत करायची, म्हणजे रिमोट सपोर्टच्या कामात उतरावं का, कोणता कोर्स करावा आणि 'घरबसल्या सपोर्ट'च्या जाहिरातींतली खरी कोणती ते कसं ओळखावं, असं तू विचारलं आहेस.

जरूर उतर. पण तुला आज जे येतं त्यापेक्षा हे काम वेगळं आहे, ते आधी समजून घे. मैत्रिणीचा लॅपटॉप तुझ्या हातात असतो. पंख्याचा आवाज ऐकू येतो, केबल हलवून बघता येते, अगदीच अडलं तर पॉवरचं बटण दाबून धरता येतं. रिमोटमध्ये फक्त स्क्रीन दिसते, तीसुद्धा ग्राहकाचं इंटरनेट चालू आहे तोवर. म्हणून प्रत्येक बदलाआधी 'हे केल्यावर माझं कनेक्शन टिकेल का?' असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली पाहिजे.

नवशिके नेमके इथे चुकतात. नेटवर्क अडॅप्टर (संगणकाला नेटवर्कशी जोडणारा भाग) बंद करून पुन्हा चालू करायला जातात आणि बंद करताक्षणी सेशन तुटतं. बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड. फायरवॉलचे (नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या संरक्षणाचे) नियम बदलताना, व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कमधून जाणारी सुरक्षित वाट) जोडताना हेच होऊ शकतं. अशा वेळी बंद करणं, काही सेकंद थांबणं आणि चालू करणं या तिन्ही आज्ञा एका बॅच फाइलमध्ये (ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) लिहून एकदम चालवायच्या, नाहीतर ग्राहकाला फोनवर ठेवून त्याच्याच हातून करून घ्यायचं. रीस्टार्टचंही तसंच. रिमोटचा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून (म्हणजे विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल असा) इन्स्टॉल न करता नुसता उघडून चालवला असेल, तर रीस्टार्टनंतर तो आपणहून सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा यंत्राचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट करायचं असेल तर आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघायचं आणि ते सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं स्थगित करायचं. हे विसरलं तर यंत्र 48 अंकी रिकव्हरी की मागत अडून बसू शकतं. विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे तुला ती स्क्रीन दिसत नाही, आणि की कुठे ठेवली आहे ते ग्राहकाला बहुधा आठवत नसतं.

मध्येच तुझ्याकडची स्क्रीन काळी पडली तर घाबरू नकोस. प्रशासकाची परवानगी विचारणारी खिडकी विंडोज एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवतं. साध्या परवानगीने चालणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे शिरकाव नसतो. ग्राहकाला ती खिडकी दिसत असते. त्याला वाचायला सांगून 'हो' दाबून घ्यायचं. सेशन अगदी हळू चालत असेल तर ग्राहकाचा अपलोड वेग तपास, कारण स्क्रीनचं चित्र तिकडून तुझ्याकडे येत असतं. चित्राचा दर्जा कमी केला, वॉलपेपर बंद केला की बराच फरक पडतो.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विक असिस्ट ही रिमोट जोडणीची साधनं एका दुपारी शिकता येतात. त्यांच्यासाठी पैसे भरून कोर्स करू नकोस. खरा वेळ लागतो तो नुसत्या बोलण्यातून दोष शोधायला. 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार आली की रिमोटचा उपयोगच नसतो, सगळं फोनवर. त्याच वायफायवर मोबाइल चालतो का? मग कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून घ्यायचा, संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा एकेक अक्षर सांगून टाइप करून घ्यायचं. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. दोष त्या दोघांच्या मधे शोधायचा. पत्ता ठीक आहे, 8.8.8.8 या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग जातं (म्हणजे हाक मारल्यावर उत्तर येतं), पण साइट नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर घ्यायचा. हे करून घेताना 'झालं का?' असं कधी विचारू नकोस. लोक संकोचाने 'हो' म्हणतात. 'आता स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा' असं म्हण.

सरावासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोजचं एक यंत्र बसव, त्याचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी जतन केलेली स्थिती) घे आणि मुद्दाम बिघडव: चुकीचा डीएनएस घाल, प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) बंद कर, डिस्क भरून टाक. एखाद्या मैत्रिणीला त्यापुढे बसव आणि तू दुसऱ्या खोलीतून, फक्त फोनवर, ते दुरुस्त कर. प्रत्येक वेळी नोंद लिही: तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, काय तपासलं, कारण, उपाय, लागलेला वेळ. 'प्रिंटर सुरू झाला' ही नोंद निरुपयोगी. 'रांगेत एक फाइल अडकली होती. स्पूलर थांबवून रांगेचा फोल्डर रिकामा केला, स्पूलर सुरू केला, चाचणीचं पान छापलं' ही नोंद पुढच्याच्या उपयोगी पडते. अशा तीस नोंदी मुलाखतीत कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा जास्त बोलतात.

प्रशस्तिपत्रक हवंच असेल तर कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस सुरुवातीला योग्य. त्याच्या दोन परीक्षा असतात, प्रत्येकी 90 मिनिटांच्या. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, म्हणून पुस्तक घेण्याआधी परीक्षेचा क्रमांक बघ. 2025 साली आलेल्या परीक्षांचे क्रमांक 220-1201 आणि 220-1202 आहेत. नोकरीची सुरुवात पहिल्या पातळीवर, म्हणजे पासवर्ड, प्रिंटर, मेल यांत होईल. पाळ्या रात्रीच्याही असू शकतात, हे घरी आधीच सांगून ठेव. तिथे अडकून पडायचं नसेल तर पहिल्या वर्षातच पॉवरशेल (विंडोजची कामं आज्ञांनी करण्याचं साधन) आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली खाती आणि संगणक एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) शिकायला घे.

आता जाहिरातींबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे. खऱ्या सपोर्टमध्ये ग्राहक आपणहून संपर्क करतो. तुला अनोळखी लोकांना फोन लावून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असं सांगायला लावत असतील, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा दाखवून घाबरवायला शिकवत असतील, गिफ्ट कार्डने पैसे घेत असतील, तर ती फसवणूक आहे. त्या लाल खुणा धडधाकट संगणकातही असतात. 'मी फक्त नोकर होते' हे म्हणणं नंतर कामाला येत नाही, त्याच दिवशी बाहेर पड. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडूनच अनामत मागणाऱ्यांनाही दूर ठेव.

तुझ्या बाजूनेही काही पथ्यं हवीत. ग्राहकाचा पासवर्ड विचारायचा नाही, तो त्याने स्वतः टाइप करायचा. जोडण्याआधी बँकेची आणि मेलची पानं बंद करून घ्यायची. तुझ्या रिमोट खात्याला दुहेरी पडताळणी लावायची, कारण ते एक खातं चोरीला गेलं तर त्यातून उघडणारे सगळे संगणक गेले. कुणाच्या सोयीसाठी विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट (जोडणीचं दार) थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. काम संपल्यावर कायमच्या प्रवेशाची परवानगी ग्राहकासमोर काढून टाकायची.

मुलाखतीत तुला बहुधा 'ग्राहकाचा संगणक हळू चालतोय, काय कराल?' असं विचारतील. टास्क मॅनेजरपासून (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या खिडकीपासून) सुरुवात करू नकोस. आधी ग्राहकाला विचार: कधीपासून हळू झाला, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं?