ख्रिस्ती सहकारी माझ्या वडिलांसाठी प्रार्थना करायला नाव मागतात, द्यावं का?

तुमच्या वडिलांची बायपास ठरली आहे आणि ऑफिसमधल्या ख्रिस्ती मॅडम म्हणाल्या, ‘नाव सांगा, आमच्या मंडळीत (चर्चच्या लोकांत) त्यांच्यासाठी प्रार्थना करू.’ त्या नावाचं पुढे काय करतात, आपण ख्रिस्ती नसताना हे चालतं का, देवाला सगळं ठाऊक असताना सांगायचं कशाला, आणि यानं खरंच काही होतं का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. मी नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. लहानपणापासून हे जवळून बघत आले आहे, म्हणून उत्तर देते.

नाव जरूर द्या.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. सतरंजी अंथरायची, एक-दोन गीतं म्हणायची (त्यात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं असतंच), बायबलमधला उतारा वाचायचा आणि मग ‘विनंत्या’ विचारायच्या. कुणाच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं असतं, कुणाचा मुलगा दारू सोडत नाही, कुणाची जमिनीची केस वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेली असते. एकेकानं एकेक विनंती घ्यायची आणि साध्या मराठीत देवाशी बोलायचं. शेवटी ‘येशूच्या नावानं मागतो, आमेन’. तुमच्या वडिलांचं नाव असं घेतलं जाईल. फोटो लागत नाही, वस्तू लागत नाही, पैसे तर मुळीच लागत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या (त्यांच्या मुख्य उपासनेच्या) वेळी प्रवचनानंतर आजारी, संकटात असलेल्या लोकांसाठी प्रार्थना होते. शिवाय ते मरियामातेला आणि संतांनाही आपल्यासाठी देवाजवळ विनंती करायला सांगतात. आम्ही प्रॉटेस्टंट थेट ख्रिस्ताच्या नावानं मागतो. हा फरक मोठा आहे, पण तुमच्या प्रश्नापुरता तो बाजूला ठेवते.

माझी मोठी आत्या शिकलेली नव्हती, त्यामुळे तिला प्रार्थनेच्या नावांची वही ठेवता येत नसे. ती पहाटे उठून बोटांच्या पेरांवर नावं मोजायची. अंगठा एका पेरावर टेकवायचा, ते माणूस डोळ्यांसमोर आणायचं, त्याच्याबद्दल काय ते देवाला सांगायचं, मग पुढचं पेर. आणि दिवस उजाडला की त्यातल्याच कुणाच्या तरी घरी तिचा डबा जायचा किंवा ती स्वतः दवाखान्यात जाऊन बसायची. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्टच लिहिलंय की उघड्या-उपाशी माणसाला नुसतं ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावलं तर त्याचा काय उपयोग? आत्यानं ते पत्र कधी स्वतः वाचलं नाही, पण ती तसंच वागली.

आता तुम्ही ख्रिस्ती नाही, त्याचं. बायबलमधल्या, कफर्णहूम गावातल्या दोन गोष्टी सांगते. पहिली पक्षाघात झालेल्या माणसाची. येशू ज्या घरात होता तिथे इतकी गर्दी की दारातून शिरायला वाट नाही. मग चौघांनी त्याला छपरावर नेलं, छप्पर उसकलं आणि बाजेसकट खाली सोडलं. येशूचं चरित्र सांगणारा मार्क लिहितो की येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाली सोडेपर्यंत त्या आजारी माणसाच्या तोंडी एक शब्द नाही. त्यानं काय मानलं, किती मानलं, याची चौकशी तिथे कुणी करत नाही. उचलून आणणाऱ्यांचं त्याच्यावरचं प्रेम पुढे येतं. दुसरी गोष्ट रोमन शताधिपतीची, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याची. तो यहुदी नव्हता, उलट परक्या सत्तेचा अधिकारी होता. आपल्या आजारी चाकरासाठी त्यानं विनंती केली, आणि असा विश्वास मला इस्राएलात आढळला नाही, असं येशू त्याच्याबद्दल म्हणाला. या गोष्टी ऐकत वाढलेल्या बाईला तुमच्या वडिलांचा धर्म आड येणार नाही. उद्या कुणी ‘आधी चर्चला या, मग प्रार्थना करू’ असं म्हणालं, तर निःसंकोच नकार द्या. दुसऱ्यासाठी देवाजवळ रदबदली करताना त्याच्यावर अट घालणं मला साफ चुकीचं वाटतं.

तुम्ही असंही विचारलंय की देवाला सगळं ठाऊक असताना कुणी सांगायची गरज काय. मला वाटतं, देवाला बातमी कळवणं हा प्रार्थनेचा हेतूच नाही. बायबलमधल्या अब्राहामानं सदोम शहराचा नाश टळावा म्हणून, तिथे पन्नास नीतिमान सापडले तर वाचवशील ना, इथून सुरुवात करून दहापर्यंत देवाशी घासाघीस केली. ते शहर त्याचं नव्हतं आणि तिथले लोक वाईट आहेत हे त्यालाही माहीत होतं. तरी तो मध्ये उभा राहिला. आमच्याच महाराष्ट्रातलं सांगायचं तर 1905 च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रोजची प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला सत्तरजणी पुढे आल्या. देशातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांसाठी त्या मागत होत्या. मुक्तीत राहणाऱ्या कितीजणी तरी दुष्काळातून वाचलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या विधवा. ज्यांची जगानं फक्त कीव केली, त्या इतरांसाठी देवापुढे उभ्या राहिल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

यानं काही होतं का? बायपासच्याच रुग्णांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, 2006 मध्ये तो छापून आला. 1802 रुग्ण होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांना कमी त्रास झाला, असं काही दिसलं नाही. उलट ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत 59 टक्के आणि ‘होईल किंवा होणारही नाही’ असं सांगितलेल्या बाकीच्या दोन गटांत 51-52 टक्के. प्रार्थना करणाऱ्या अनोळखी लोकांना रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. ज्याचा चेहरा माहीत नाही, ज्याच्या घरी जाता येत नाही, अशा माणसासाठी ठरलेलं वाक्य म्हणणं मी ज्याला प्रार्थना म्हणते त्यापासून दूर आहे. तरीही आकडे आहेत ते आहेत, आणि ऑपरेशन यशस्वी होण्याची हमी म्हणून मी तुम्हाला प्रार्थना देणार नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं मागितलं की हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, टळो; तो टळला नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यानं आपल्या शरीरातला काटा (सततचं एक दुखणं) जावा म्हणून तीनदा विनवलं, तो गेला नाही. तेव्हा, देव न करो, पण काही कमी-जास्त झालं आणि कुणी ‘विश्वास कमी पडला’ म्हणालं, तर ते मनाला लावून घेऊ नका. बायबलमधल्या या दोन गोष्टींपुढे ते टिकत नाही.

मॅडमना वडिलांचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि वेळ सांगा. आजाराचा किती तपशील मंडळीत बोलायचा, तेही आधीच ठरवून घ्या, कारण विनंत्यांच्या निमित्तानं घरातल्या गोष्टी गावभर होतात, हे मी पाहिलंय. वडिलांना सांगताना ‘सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतायत’ असं गंभीर चेहऱ्यानं सांगू नका, आपलं काही खरं नाही असं त्यांना वाटायचं. त्या अभ्यासानंतर काही डॉक्टरांनी हीच शंका बोलून दाखवली होती. आणि रक्तदाते लागणार असतील, रात्री हॉस्पिटलात थांबायला माणूस हवा असेल, तर तेही मॅडमना त्याच वेळी सांगा.