पंगतीत वाढायला मलाच का?

प्रिय बाय,

चवथीला पंगतीत वाढायला तुलाच का उभं केलं, आणि शेजारचा डबा परत देताना आजी त्यात काहीतरी घालतेच कशाला, असे दोन प्रश्न तू फणकाऱ्यानेच विचारलेस. ‘तशी रीत आहे’ हे आजीचं उत्तर तुला पटलं नाही. मलाही लहानपणी पटत नसे.

डब्याचं सोपं आहे. आपल्या वाड्यावर भांडं रिकामं परत जात नाही; काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. नाताळाला पलीकडच्या घरून दोदोल आणि बेबिंका येते, चवथीला आपल्याकडून नेवऱ्या, पातोळ्या जातात. याचा हिशेब कुणी मांडत नाही. पण डब्यात काय घालावं हे ठरवताना आजीला त्या घरातलं एकेक माणूस आठवावं लागतं. कुणाला गोड चालत नाही, कुणाला आळसांदे आवडतात. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतो त्या माटोळीचंही तसंच. कवंडळं कुणी रानातून आणली, सुपारीचा घोस कुणाच्या कुळागरातला, हे ती नावानिशी सांगते. दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, भाताची कणसं घरात आणून आपण पुजतो. आपल्या गोव्यातल्याच राय गावी ख्रिस्ती लोक ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे सण, करतात. पाऊस सगळ्यांना एकच, आभार मानायची तऱ्हा वेगळी.

तू म्हणशील, याने पोट भरतं का? पोटाचं माहीत नाही, मनाचं थोडं तपासलं गेलंय. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास छापला. त्यात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे ते व्यायामही जास्त करत होते. आजीने अशी वही कधी लिहिली नाही, तिचं सगळं तोंडपाठ.

आता वाढण्याचं. इथे इंग्लंडात, स्विंडनला, वृद्धांच्या निवासात मी दिवसभर वाढण्याचंच काम करते, तेही पगार घेऊन, त्यामुळे सेवेबद्दल फार गोड बोलणं मला जमत नाही. पाय दुखतात. पण एक गोष्ट रोज दिसते. ज्यांना सगळं हातात मिळतं, ते लवकर मलूल होतात. जेवणाआधी नॅपकिनच्या घड्या घालायला दिल्या, शेजारणीला पाण्याचा पेला नेऊन द्यायला सांगितला, की त्याच बायका ताठ बसतात, बोलतात. आपला कुणाला तरी उपयोग आहे हे कळलं की माणूस सावरतो. पंगतीत ‘खतखतं आणखी वाढ गो’ असं कुणी म्हटल्यावर तुझाही चेहरा खुलला होता, व्हिडिओत मी पाहिलाय. नाही म्हणू नकोस.

मात्र तुझ्या रागातला अर्धा भाग मला मान्य आहे. नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० मध्ये हेच दाखवलं: स्वतःच्या मर्जीने मदत केली तर करणाऱ्याला बरं वाटतं, आणि ज्याला मदत मिळते त्यालाही ती जास्त लागू पडते. दबावाखाली केलेल्या मदतीत तो लाभ दिसत नाही. म्हणजे मुलींनी वाढायचं आणि मुलग्यांनी पाटावर बसायचं, याला मी सेवा म्हणणार नाही. आजी सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं जेवते, त्याचं कौतुक करणारे पुष्कळ. मला ते कौतुक आवडत नाही. ती खूश असते हे खरं, पण तिला कुणी विचारलेलंही नाही. देवळात भजनी सप्ताहाला पाळ्या ठरलेल्या असतात, प्रत्येक गट आपल्या वेळेला येऊन गातो, म्हणून रात्रभर भजन चालतं आणि कुणाचा घसा बसत नाही. घरात तशा पाळ्या का नसाव्यात? काकाला मी फोन करून सांगते.

दिवाळीच्या सकाळी फोव, म्हणजे पोहे, खायला सगळे येतील. त्या दिवशी तू वाढायचं की नाही ते तू ठरव. वाढणार असशील तर आजीला पहिल्या पंगतीत बसव आणि दादाला तुझ्याबरोबर उभं कर. आजी ‘मागाहून बसते’ म्हणेल, ऐकू नकोस. नारळाच्या रोसातले फोव तिला आवडतात, ताकातले नाहीत. इतकी वर्षं ती ताकातले खाते कारण शेवटी तेच उरतात.

तुझी,
आई