वाचक विचारतात : धनुष्याची ओढ कमी कशी करावी?

प्रश्न : धामणीच्या लाकडाचे साडेपाच फुटी धनुष्य मी घरीच तासून तयार केले आहे. दोरी २६ इंच ओढली की स्प्रिंगकाट्यावर ४८ पौंड भरतात. मला ३५ पौंडांपेक्षा जास्त ओढ झेपत नाही. पात्यांच्या, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या दोन भागांच्या, मध्यावर रुंदी ४० मिमी आणि जाडी १८ मिमी आहे. एका मित्राने दोरी लांब करण्याचा, तर दुसऱ्याने पात्यांच्या कडा तासून ती अरुंद करण्याचा सल्ला दिला. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. दोरी लांब केल्याने पूर्ण ओढीवरचा जोर फारसा उतरत नाही. उलट दोरी मनगटावर सपासप बसू लागते. कडा तासण्याचा उपाय चुकीचा नाही, पण आपल्या कामी येणारा नाही. पात्याचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हे येथे निर्णायक ठरते. ४८ वरून ३५ पौंडांवर येण्यासाठी रुंदी सुमारे २७ टक्के, म्हणजे जवळजवळ ११ मिमी कमी करावी लागेल. जाडी मात्र केवळ १० टक्के कमी केली तरी तेवढाच परिणाम साधतो. शिवाय पाते पातळ झाले की तेवढ्याच बाकाला लाकडावर पडणारा ताणही कमी होतो आणि धनुष्य कायमचे वाकून बसण्याची भीती घटते.

ही १० टक्के घट पात्याच्या सर्व वाकणाऱ्या भागात त्या त्या ठिकाणच्या जाडीच्या प्रमाणात हवी. मध्यावर १८ मिमीतून १.८ मिमी काढायचे, परंतु टोकाजवळ जाडी १२ मिमी असेल तर तेथून १.२ मिमीच, सरसकट सारखे तासल्यास टोके लुळी पडतात. तासायचे ते पोटाच्या बाजूने, म्हणजे धनुष्य ओढताना आपल्याकडे येणाऱ्या बाजूने. पाठीला, म्हणजे त्याच्या विरुद्ध बाजूला, हत्यार लावू नये, कारण तेथील धागे ताणले जातात आणि ते कोठे तुटले की चीर तेथूनच सुरू होते. (बांबूच्या कामठ्यातही हाच नियम पाळतात : बाहेरची चिवट साल पाठीला ठेवतात आणि आतला भाग तासतात.)

रंधा आता बाजूला ठेवावा. स्क्रेपर किंवा फुटक्या काचेची धार पुरेशी आहे. मध्यावर साधारण ०.२ मिमी आणि इतरत्र त्या प्रमाणात निघाले की ओढ दीड पौंडाने उतरते, असा अंदाज धरून चालावे. प्रत्येक खेपेनंतर दोरी चढवून, पूर्ण ओढीपेक्षा कमीच, पंचवीस-तीस वेळा हळूहळू ओढावे आणि मगच काटा पाहावा, कारण तासल्याचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. घाईचा फटका बहुतेकांना येथेच बसतो. याच वेळी दोन्ही पात्यांचा बाकही पाहावा. मध्यावर दोरी आणि पाते यांतील अंतर वरच्या पात्यात तीन ते सहा मिमी अधिक असणे चांगले. खालचे पाते किंचित ताठ राहिले की पकड आणि नेम स्थिर राहतात. एखादे पाते जास्त वाकत असेल तर त्याला हात न लावता दुसरेच तासावे.

३७ पौंडांवर थांबावे. सँडपेपरने घोटताना आणि सुरुवातीचे शे-दीडशे बाण सोडताना उरलेले दोन पौंड आपोआप उतरतात. काढलेले लाकूड मात्र परत बसवता येत नाही. आपल्या भागातील पावसाळ्यात हे काम काढू नये, हेही आवर्जून सांगतो. ओलावा शोषलेले लाकूड मऊ पडते, त्यामुळे काटा कमी दाखवतो आणि कोरड्या हवेत तीच ओढ पुन्हा वर चढते. दिवाळीनंतर, लाकूड काही आठवडे घरात सुकल्यावर, आधी ४८ पौंडांची मोजणी पुन्हा करावी. आकडा बदललेला आढळला तर वरचा १० टक्क्यांचा हिशेबही त्याप्रमाणे नव्याने मांडावा.