स्विचचं मॅनेजमेंट ट्रॅफिक डेटापासून वेगळं कसं करायचं? (सिस्कोचा २४ पोर्टचा लेयर-२ स्विच, सध्या सगळं व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे एकाच आभासी नेटवर्कमध्ये)

व्हीलॅन १ मध्ये स्विचचा आयपी ठेवू नका. मॅनेजमेंटसाठी वेगळा व्हीलॅन करा, समजा ९९. स्विचचा आयपी व्हीलॅन ९९ च्या इंटरफेसवर हलवा, डीफॉल्ट गेटवे बदला आणि अपलिंक ट्रंकवर (पुढच्या स्विच किंवा राउटरकडे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवर) ९९ चालू आहे ना ते बघा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: व्हीलॅन तयार केलेला नसेल, किंवा त्यातला एकही पोर्ट चालू नसेल, तर इंटरफेस 'डाउन'च दिसतो.

हे एसएसएचवरून (नेटवर्कमधून दूरून लॉगिन करून) करताना आपण बसलोय तीच फांदी तोडतो. मी एकदा तोडलीय. रात्री स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन धावावं लागलं. तेव्हापासून आधी 'रीलोड इन १०' ही कमांड देतो. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येतो. अट एकच, मध्ये सेव्ह करायचं नाही. जमलं की 'रीलोड कॅन्सल'.

नुसत्या व्हीलॅनने भागत नाही. राउटर दोन्ही व्हीलॅनमध्ये रस्ता देत असेल तर कुणीही पोचेल, म्हणून व्हीटीवाय लाइनवर (दूरून लॉगिन होतं तिथे) अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणत्या आयपींना परवानगी, याची यादी) लावा, टेलनेट (पासवर्ड उघडा पाठवणारं जुनं लॉगिन) बंद करा.

स्विचच्या मागे स्वतंत्र मॅनेजमेंट पोर्ट असेल तर उत्तमच. फक्त कॅटॅलिस्ट ९३०० सारख्यांत तो वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) असतो. पिंगही व्हीआरएफचं नाव देऊनच करायचा.