आपले प्रश्न, आमची उत्तरे : सिल्व्हर्टनमधील दोन तास

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत डेन्व्हर येथे असते. येत्या उन्हाळ्यात ती आम्हां उभयतांना ड्युरँगोहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने सिल्व्हर्टनला नेणार आहे. काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्य ठिकाण असलेले हे गाव इतके लहान कसे? गाडी तेथे दोनेक तासच थांबते. तेवढ्यात काय पाहावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सिल्व्हर्टन हे कोलोराडो राज्यातील सान वान काउंटीचे मुख्य ठिकाण. २०२० च्या जनगणनेत गावात ६२२ माणसे होती आणि सबंध काउंटीत ७०५. म्हणजे काउंटी आणि गाव यांत फरक जवळजवळ नाहीच. १८७३ च्या करारान्वये यूट आदिवासींकडून हा डोंगराळ मुलूख काढून घेण्यात आला, पाठोपाठ चांदीसाठी गाव वसले आणि १८८२ मध्ये रेल्वे आली. पुढे चांदीचे भाव कोसळले, १९९१ मध्ये सनीसाइड ही शेवटची मोठी खाणही बंद पडली आणि माणसे गेली. कचेरी तेवढी राहिली.

गावाची जागा समजून घ्यायची असेल, तर आधी नकाशा पाहावा. सुमारे पावणेतीन कोटी वर्षांपूर्वी येथील ज्वालामुखीचे छत खचून एक प्रचंड गोल खळगा तयार झाला. त्याच्या कडेने जमिनीला ज्या भेगा पडल्या, त्यांतून वर आलेल्या उष्ण पाण्याने चांदी, सोने, शिसे व जस्त यांच्या शिरा भरल्या. अॅनिमस नदीचा वरचा प्रवाह आणि मिनरल क्रीक हा ओढा आजही त्याच कडेच्या भेगांना धरून वळसा घेत वाहतात आणि खळग्याच्या दक्षिण टोकाला, गावाशी, एकत्र येतात. तिसरा ओढा, सिमेंट क्रीक, खळग्याच्या आतून येतो. त्याच्या काठचे दगड नारिंगी दिसतील. खडकातील लोहमाक्षिकाला (लोह व गंधक यांच्या खनिजाला) हवापाणी लागले की आम्ल तयार होते आणि त्यात विरघळलेले लोह पुढे गंजासारखे दगडांवर बसते. हे काही अंशी निसर्गतःच घडते. खाणींनी ते कितीतरी पटींनी वाढवले. ५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे काम चालू असताना गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी सुटले आणि खाली ड्युरँगोपर्यंत अॅनिमस पिवळी-नारिंगी झाली.

गाडीतून उतरल्यावर बहुतेक प्रवासी जेवणाच्या रांगेत अर्धा वेळ घालवतात. आमच्या मते डबा गाडीतच खाऊन घ्यावा आणि ग्रीन स्ट्रीट या मुख्य रस्त्याने उत्तरेकडे चालत जावे. वाटेत १८८० च्या दशकातील ग्रँड इम्पीरियल हॉटेल लागते, तर टोकाला १९०७ चे काउंटी न्यायालय आहे. शेजारी १९०२ चा तुरुंग असून तेथे आता संग्रहालय आहे. दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने यांसाठी एकेकाळी बदनाम असलेला ब्लेअर स्ट्रीट एकच गल्ली पलीकडे आहे. अॅन्व्हिल डोंगराच्या उतारावर १९५९ मध्ये उभारलेले, संगमरवरी मूर्तीचे ख्रिस्ताचे स्थान आहे. तेथून सबंध गाव दिसते. परंतु वाट चढाची आहे आणि गाव मुळातच २,८४० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ बाराशे मीटर वर आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास तो बेत सोडावा आणि डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

मोटारीने उत्तरेस यूरे गावाकडे जायचे झाल्यास रेड माउंटन खिंड (३,३५८ मीटर) ओलांडावी लागते. त्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी दरीच्या बाजूस कठडे नाहीत, कारण हिवाळ्यात यंत्राने बर्फ थेट दरीत लोटावे लागते. डोंगरातील अरुंद रस्त्यांची सवय नसेल, तर आगगाडीनेच परतणे बरे. ७२ किलोमीटरच्या या लोहमार्गाची रुंदी ९१४ मिलिमीटर, म्हणजे माथेरानच्या गाडीच्या दीडपट आहे. जाताना उजव्या बाजूच्या जागा मागून घ्याव्यात. नदीची खोल घळ त्याच बाजूने उत्तम दिसते.