नाना झोपेत रानडुकरं हाकलतात

‘वडील झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. हे पार्किन्सनचं आधीचं लक्षण असतं म्हणे. त्यांना सांगायचं का?’ हा प्रश्न मला बहुधा मुलं फोनवर विचारतात, आणि तोही आवाज खाली घेऊन. गेल्या उन्हाळ्यात ज्याने विचारला तो स्वतः परदेशात याच विषयावर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतोय. मेंदूचे आजार लावलेल्या उंदरांची झोप रात्रभर मोजायची, हे त्याचं काम. चोपडा तालुक्यातल्या त्याच्या काकांबद्दल, नानांबद्दल, तो बोलत होता. (ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.)

काकांच्या घरचं माणूस मला त्याआधीच भेटलं होतं आणि तिथे मी चुकले होते. सूनबाई सासूला घेऊन आली होती. जिजींच्या डोळ्याखाली काळंनिळं. मी सुनेला बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, “नाना हात उचलतात का?” जिजींनी पदर सावरला आणि उठल्याच. “बेचाळीस वर्षांत एक शिवी नाही दिली त्यांनी.” मला वाटलं, झाकतायत. अशा कामात तसं वाटायची सवय लागते. हे झोपेत घडलं का, हा एक साधा प्रश्न मी विचारलाच नाही.

पुतण्याच्या फोननंतर दोघांना पुन्हा बोलावलं. नाना खाली मान घालून बसले होते. काय झालं विचारलं तर हळूच म्हणाले, “मी तर रानडुकरले हाकलत व्हतू.” सातपुड्याच्या पायथ्याशी मक्यात रानडुकरं घुसतात, जन्मभर त्यांनी रात्री जागल केलेली. स्वप्नात तेच. जागं केलं की लगेच भानावर येतात आणि स्वप्न सांगतात. दिवसा मात्र कुत्र्यालाही हाड म्हणत नाहीत. गावात कुणीतरी बाहेरचं आहे म्हणून भगताकडे जायला सांगितलं होतं. जिजींचं एक लिंबू उतरवूनही झालं होतं.

स्वप्न पडणाऱ्या झोपेत मेंदूच्या बुडाकडचा एक भाग आपल्या स्नायूंना सैल करून ठेवतो. श्वासाचे आणि डोळ्यांचे तेवढे चालू राहतात. म्हणून स्वप्नात कितीही पळालो तरी अंथरुणातच असतो. ही गाठ सुटली की माणूस स्वप्न हातापायांनी जगतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी 1986 मध्ये माणसांतल्या या विकाराचं वर्णन केलं. पुढे लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा स्मृतिभ्रंश होतो, कारण अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन या भागात आधी साठू लागतं. वास न येणं, बद्धकोष्ठता हीसुद्धा तशीच आधीची लक्षणं. मी विचारलं तेव्हा जिजी म्हणाल्या, “भरताची वांगी काट्याकुट्यांवर भाजली की गल्लीला वास जातो. यांना दोन वर्षं पत्ताच नाही.”

तरी घाई नको. झोपेत बडबडणारा प्रत्येक जण या वाटेवर नसतो. घोरताना श्वास अडकणाऱ्यांचंही कधीकधी असंच दिसतं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतं. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, नाशिकला एक रात्र तारा लावून झोपेची तपासणी झाली. स्वप्नाच्या झोपेत हनुवटीच्या स्नायूची रेघ सपाट व्हायला हवी. नानांची दाट झाडीसारखी आली.

आता पुतण्याचा प्रश्न. त्याला आकडे पाठ होते. 2019 साली आलेल्या, 24 केंद्रांवरच्या, हाच झोपेचा विकार असलेल्या 1280 रुग्णांच्या अभ्यासात दरवर्षी साधारण 6 टक्के लोकांना पुढचा आजार जडला, बारा वर्षांत 73 टक्क्यांच्या वर. “आजार थांबवणारं औषध आज नाही, मग सांगून उपयोग काय?” असं त्याचं म्हणणं. भाऊबंदही त्याच्याच बाजूचे. मी त्याला म्हटलं, उपयोग आहे की नाही ते तू ठरवू नकोस. नानांनाच विचारू, किती ऐकायचंय.

विचारलं. नाना बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “सगळं सांगा. मले केळी लावनी शे.” नवी केळी म्हणजे दीड वर्षाचं बांधून घेणं, त्यात ठिबकसाठी कर्ज काढायचं चाललं होतं. आणि सातबाऱ्यावरची वाटणी दोन वर्षं रखडलेली. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “शंभरात मी कोणता?” ते कुणालाच सांगता येत नाही, असं मी म्हटलं आणि नंतर काही बोलले नाही. त्यांनी केळी लावली, ठिबकचं कर्ज मात्र मुलाच्या नावे.

मला खरी काळजी वेगळीच होती. त्यांचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. मे महिन्यात सगळे वर झोपतात आणि धाब्याला कठडा नाही! स्वप्नात रानडुकरामागे धावणारा माणूस तिथे. डॉक्टरांनी मेलॅटोनिन ही झोपेसाठीची गोळी सुरू केली. क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारं औषध त्यांनी टाळलं, कारण या वयात त्याने तोल जाण्याची भीती असते. पण गोळीपेक्षा आधी बाज अंगणात आणायची होती. नाना सगळ्याला हो म्हणाले, यावर अडले. “खाले वारा नई.” शेवटी जिजीच खाली झोपायला लागल्या, मग चौथ्या दिवशी तेही आले.

आता ठेंगणी बाज, दोन्ही बाजूंना गोधड्या, भिंतीवरचा कोयता गोठ्यात. जिजींची बाज दोन हात लांब. ओरडायला लागले की जवळ जाऊन धरायचं नाही, लांबून नाव घ्यायचं, असं मी सांगितलं होतं. नवऱ्याचं नाव कसं घेणार? त्यांनी उशाला काठी ठेवली आहे, तिने बाजेचा पाय ठोकतात. परवा फोनवर हसत सांगत होत्या, “काल डुक्कर नव्हतं. बैल बुजला होता म्हणे.”